तक्तेबाईंचं पिल्लू

दारात आलेल्या माणसाने आधी टोपली खाली ठेवली, मग खाण्याची जड पिशवी, आणि मग शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून घासमावशीच्या हातात दिला.

"सगळं यात लिहिलंय," तो म्हणाला. "आमच्या हिने करून दिलाय तक्ता. ती स्वतः आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे तुम्हाला डोकं चालवायला नको."

मावशीने कागद उलगडला. पट्टीने मारलेल्या रेघा. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात पदार्थ, तिसऱ्यात वजन. प्रत्येक ओळीच्या शेवटी टिंबाऐवजी बारीकसा गोल. चष्म्याशिवायही तिने ते अक्षर ओळखलं असतं. नोकरीतली शेवटची नऊ वर्षं ती रोज सकाळी याच अक्षराकडे बघून शेगडी पेटवत आली होती.

"कुठे असतात बाई कामाला?" तिने तरी विचारलंच.

"टाकीजवळच्या मोठ्या इस्पितळात. आत्ता दहा दिवस बाहेरगावी गेलीय. प्रशिक्षण आहे, हीच शिकवणार आहे तिथे." माणूस मऊ बोलणारा होता, चष्म्याच्या दुकानात कामाला होता, आणि मावशी कोण हे त्याला अजिबात माहीत नव्हतं. गल्लीच्या टोकाला प्राण्यांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पत्ता दिला, म्हणून तो आला होता.

मावशीने टोपलीत पाहिलं. चार महिन्यांचं, तपकिरी, लोंबत्या कानांचं पिल्लू तिच्याकडे बघून तोंड फिरवून बसलं.

"ठेवून जा," ती म्हणाली.

घासमावशी हे नाव तिला इस्पितळातल्या नर्सांनी दिलेलं. तिथल्या स्वयंपाकघरात तिने बावीस वर्षं काढली. पेशंटने ताट परत पाठवलं की बाकीच्या बायका ते धुवायला टाकत. मावशी हात पुसून स्वतः वॉर्डात जायची. खाटेशी उभी राहून म्हणायची, "एकच घास. दुसरा मागितला तर माझं नाव बदला." आणि ऑपरेशन झालेले, रुसलेले, घरचं कोणी भेटायला न येणारे, सगळे तिच्या हातून खायचे. एका घासाचे दहा कधी व्हायचे ते त्यांनाही कळायचं नाही. तिला लग्नाचं घर फार लाभलं नाही, नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. लोकांना खायला घालणं ही एकच गोष्ट आपल्याला येते, पण ती आपल्यासारखी कोणाला येत नाही, असं तिचं स्वतःबद्दल मत होतं, आणि ते खरं होतं.

मग आहारतज्ज्ञ बाई आल्या. रोज सकाळी त्या प्रत्येक वॉर्डाचा तक्ता लिहून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवायच्या. म्हणून बायका त्यांना मागून तक्तेबाई म्हणायच्या. त्या सगळ्यांना 'तू' म्हणत. साठीच्या भांडेवालीलासुद्धा.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मावशीने तक्ता वाचला आणि ती थबकली. चार नंबर वॉर्डात मूत्रपिंडाचा आजार असलेले एक म्हातारे मास्तर होते. त्यांना टोमॅटो, बटाटा, केळं सगळं बंद होतं. आणि तक्त्यात लिहिलं होतं: दुपारी टोमॅटोचं सूप, दोन वाट्या.

मावशी कागद घेऊन तक्तेबाईंच्या खोलीत गेली. "बाई, कालपर्यंत मास्तरांना टोमॅटो बंद होता. आज सूप कसं?"

तक्तेबाई फोनवर होत्या. फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "तू शिजव. वाचायचं काम माझं."

मावशीने शिजवलं. संध्याकाळी मास्तरांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. ते वाचले, पण त्यांच्या मुलाने तक्रार केली आणि चौकशी बसली. चौकशीच्या दिवशी खिळ्याला जो कागद होता त्यावर तारीख तीच होती, अक्षर तेच होतं, फक्त सूप दुधी भोपळ्याचं होतं.

अधीक्षकांच्या खोलीत पाच जण खुर्च्यांवर बसले होते. मावशीला उभं केलं होतं, पाऊण तास. तक्तेबाई म्हणाल्या, "तिला नीट वाचता येत नाही, साहेब. मी कितीदा सांगितलंय." आणि तो तक्ता मावशीपुढे धरून म्हणाल्या, "वाच बघू मोठ्याने."

चष्मा खाली स्वयंपाकघरात राहिला होता, पिठाच्या डब्यावर. मावशीने कागद लांब धरला, जवळ धरला. पहिली ओळ कशीबशी लागली, दुसरीत ती अडखळली, तिसरीत तिने 'भोपळा' ऐवजी दुसरंच काही वाचलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. अधीक्षकांनी फक्त मान हलवली, बिचारीची कीव आल्यासारखी. आठ दिवसांत तिला घरी बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

त्या दिवसापासून मावशीने डूख धरला होता. ती रडली नाही, कोणाकडे गाऱ्हाणं घेऊन गेली नाही. ती धाकट्या बहिणीच्या घरी राहायला आली. धाकटीचं तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं आणि मागे फरशी घातलेलं अंगण. गावाला जाणाऱ्यांची कुत्री सांभाळायची कल्पना धाकटीची. माणसांना खायला घालणारीला कुत्री काय जड! वर्षभरात असं झालं की खाणं सोडलेलं कुठलंही जनावर डॉक्टरीणबाई आधी मावशीकडे धाडायच्या. पण कुत्र्यांना आंघोळ घालताना, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मावशीच्या डोक्यात ती खोली चालू असायची. वाच बघू मोठ्याने. ती मनातल्या मनात रोज नवं उत्तर द्यायची, रोज नवी शिक्षा द्यायची.

आणि आता त्याच बाईचं पिल्लू चालत दारात आलं होतं. चालतसुद्धा नाही, टोपलीत बसून.

"काय नाव आहे याचं?" माणूस गेल्यावर धाकटीने विचारलं.

"असेल काहीतरी. मी जावईबापू म्हणणार," मावशी म्हणाली. "बघ ना, आल्यापासून रुसलंय."

जावईबापूंचं दुखणं असं होतं. तक्तेबाईंनी त्याला पहिल्या दिवसापासून कोंबडीचं काळीज शिजवून, मऊ कुस्करून, चमच्याने भरवलं होतं. मांडीवर बसवून. दुसरं काही त्याच्या तोंडाला लागलंच नव्हतं. आता त्याचे पुढचे पाय जरासे बाहेर वाकायला लागले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की नुसतं काळीज पुरे, याला पिल्लांसाठी बनवलेलं कोरडं खाणं सुरू करा, नाहीतर हाडं कच्ची राहतील. तक्तेबाईंनी दोनदा प्रयत्न केला होता. पिल्लाने वाडगं उलटं केलं, दिवसभर उपाशी बसलं आणि शेवटी बाईच रडून पुन्हा काळीज शिजवायला लागल्या, असं त्यांचा नवराच सांगून गेला होता.

मावशीने चष्मा लावला आणि तक्ता सावकाश वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: आजपासून जुनं खाणं पूर्ण बंद. नवीन खाणं पूर्ण प्रमाणात, दिवसातून चार वेळा.

ती हसली. धाकटीला ते हसणं आवडलं नाही.

"ताई, हे असं एकदम बदलत नाहीत ना? तूच मागे त्या बोक्याच्या वेळी म्हणाली होतीस."

"नाहीत बदलत. पोट बिघडतं."

"मग?"

"मग काय? बाई शिकलेल्या आहेत. वाचायचं काम त्यांचं." मावशीने कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. "यात आहे तसंच करायचं. एक काना मात्रा इकडची तिकडे करायची नाही."

"पिल्लाने काय वाकडं केलंय तुझं?"

"मी काय वाकडं केलं होतं?"

धाकटी वाडगं धुवायला निघून गेली. ती ताईला ओळखून होती.

पहिल्या दिवशी जावईबापूंनी चारही वेळा वाडगं हुंगलं, पंजाने ढकललं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी भुकेने त्यांचा अभिमान मोडला. त्यांनी सगळं वाडगं न चावता गिळलं, दुसरंही गिळलं. दुपारी अंगणाच्या फरशीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. मावशी बादली घेऊन धूत होती आणि मधेच आत जाऊन तक्त्याखाली वेळ लिहीत होती: सव्वा वाजता एकदा, दोनला दुसऱ्यांदा, अडीचला तिसऱ्यांदा. अक्षर मुद्दाम सुवाच्य काढत होती. चारच्या सुमारास पिल्लू हनुवटी जमिनीला टेकवून पडलं. मावशीने हाक मारली तर त्याने शेपूट हलवायचा प्रयत्न केला, नुसतं टोक हललं.

तेव्हा तिने त्याला उचललं, कागद कपाटावरून काढला आणि दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान पण जिभेने तिखट. "मावशी, हे काय? एका दिवसात खाणं बदललंत? तुम्ही?"

मावशीने कागद पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी वाचला. "कुणी लिहिलंय हे?"

"मोठ्या आहारतज्ज्ञ आहेत. माणसांच्या."

"चूक आहे. चार महिन्यांच्या पिल्लाला असं करतात का?" त्यांनी पिल्लाला इंजेक्शन दिलं, औषध दिलं, एक दिवस मऊ भात आणि उकडलेला लाल भोपळा द्यायला सांगितला.

"हेच जरा खाली लिहून द्या ना," मावशी म्हणाली. "चूक आहे म्हणून. सहीसकट."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, सही केली. मग पेन खाली ठेवून मावशीकडे बघत राहिल्या. "पण तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मुद्दाम केलंत?"

मावशीने पिल्लाला पदराखाली घेतलं आणि बाहेर पडली. रस्ताभर तिचे कान तापलेले होते. लाज वाटलीच तिला, वाटली नाही असं नाही. पण राग लाजेपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता, आणि आता त्याच्या हातात सहीचा कागद होता.

"झालं तुझं?" धाकटीने विचारलं.

"अर्धं झालं," मावशी म्हणाली. "आता याला हात लावू देणार नाही कोणाला. याला मी असा खाता करते की बाई बघत राहतील. आणि तो माझ्याशिवाय कोणाचं ऐकणार नाही, असं करते."

यानंतरचे आठ दिवस मावशीने आपली सगळी विद्या पणाला लावली. भात-भोपळ्याने पोट बसल्यावर तिने स्वतः काळीज शिजवलं. तीन भाग काळीज, एक भाग नवं खाणं. जावईबापूंनी काळीज खाल्लं आणि कोरड्या खाण्याचा एकेक दाणा चाटून, स्वच्छ करून, वाडग्याबाहेर ओळीने मांडला.

"बघ, ताट सोडून उठला," धाकटी म्हणाली.

"उठू दे." वीस मिनिटं झाल्यावर मावशीने वाडगं उचललं. रागावली नाही, चुचकारलंही नाही. मधल्या वेळी काही दिलं नाही. पुढच्या वेळी तिने ते दाणे मिक्सरमधून काढले, कोमट पाण्यात भिजवले आणि काळजात असे मिसळले की निवडायला काही उरलं नाही. चमचा तर त्याच्या तोंडापर्यंत एकदाही नेला नाही. ती वाडगं ठेवायची आणि त्याच्याकडे पाठ करून वाटाणे सोलत बसायची. भरवणारा बघत असला की खाणारा नखरे करतो, हे ती वॉर्डातच शिकली होती.

तिसऱ्या दिवशी निम्मं निम्मं झालं आणि जावईबापूंनी संप केला. जेवण आलं की शेपूट पायात घालून कोपऱ्यात. मावशीकडे त्या वेळी एक म्हातारा, एका डोळ्याने आंधळा कुत्राही मुक्कामाला होता. इस्पितळाच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा. काहीही दिलं तरी आशीर्वाद दिल्यासारखं खायचा. मावशीने त्याला बोलावलं आणि पिल्लाचं वाडगं त्याच्यासमोर सरकवलं.

"खा रे बाबा. कोणाला नकोय म्हणे."

म्हाताऱ्याने एकदाच तोंड घातलं, तोवर पिल्लू कोपऱ्यातून बाणासारखं सुटलं, त्याच्या पोटाखालून घुसलं आणि डोकं वाडग्यात खुपसून गुरगुरत खाऊ लागलं. धाकटी पोट धरून हसली. मावशीही हसली, पण हात थांबला नव्हता. ती वाडग्याच्या काठावर चमच्याने दोन ठोके मारत होती. टण, टण. "एकच घास."

हे ती पहिल्या भातापासून करत होती. दर खाण्याच्या वेळी दोन ठोके आणि तेच दोन शब्द, त्याच आवाजात. ठोके पडल्याशिवाय वाडगं खाली ठेवायचं नाही. धाकटीला वाटत होतं ताईला लळा लागलाय. लळा लागलाही होता. पण तो सापळाही होता. पिल्लाची भूक मावशी आपल्या आवाजाला बांधत होती, गाठीवर गाठ.

अकराव्या दिवशी तक्तेबाईंचा नवरा आला तेव्हा जावईबापू नुसतं कोरडं खाणं कुरुमकुरुम चावून खात होते. तो बघतच राहिला. मावशीने त्याला सगळं सांगितलं: किती द्यायचं, केव्हा द्यायचं, वीस मिनिटांनी कसं उचलायचं, काळीज घरात शिजवायचंसुद्धा नाही. फक्त ठोक्यांचं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन आला. "मावशी, कालपासून तोंड लावत नाहीये. वाडगं बघतो आणि दाराकडे बघतो. ही घाबरीघुबरी झालीय. ती स्वतःच घेऊन येते आज पाच वाजता, चालेल?"

"चालेल की. येऊ दे ना बाईंना," मावशी म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने लगेच दुसरा फोन केला, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला. "दादा, तुमच्या म्हाताऱ्याला न्यायला आज या. पाचच्या जरा आधीच. अंगणात बसा, चहा ठेवते." ड्रायव्हर हा इस्पितळातला असा माणूस होता की त्याच्या कानावर पडलेली गोष्ट स्ट्रेचरच्या आधी सगळ्या वॉर्डांत पोचायची.

पाचला तक्तेबाई आल्या. पिल्लू काखेत, केस विस्कटलेले. उंबरठ्यात त्यांनी मावशीला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तू?"

"तुम्ही म्हणा," मावशी म्हणाली. "हे माझं घर आहे."

तक्तेबाई आत आल्या. खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर एकाक्ष म्हातारा आरामात पसरला होता. मावशीने त्याला उठवलं नाही. धाकटी दाराला टेकून उभी होती. अंगणाकडचं दार उघडं होतं आणि पलीकडे कपबशी वाजली, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"हे खात नाहीये," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे खात होतं, असं हे म्हणाले."

"खाईल. आधी एक काम आहे." मावशीने घडी घातलेला कागद पुढे केला. "हा तुमचाच तक्ता. खाली डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय. वाचा बघू मोठ्याने."

"हे काय आता..."

"मोठ्याने."

तक्तेबाईंनी वाचलं. आधी स्वतःचं, मग मावशीने लिहिलेल्या वेळा, मग डॉक्टरीणबाईंचं: ही पद्धत चुकीची असून त्यामुळे पिल्लाचं पोट बिघडलं आहे. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज चिरकला. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तीन वर्षं ती या क्षणाची चव कशी असेल ते ठरवत होती. चव छान होती. तिला वाटली होती त्याहून जराही कमी नव्हती.

"आता मास्तरांच्या सूपचं बोला," ती म्हणाली.

"ते सगळं मिटलंय. ते साहेबसुद्धा निवृत्त झाले."

"माझं नाही मिटलं. कागद कोणी बदलला?"

तक्तेबाई पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. पिल्लू मावशीकडे बघून कुंईकुंई करत होतं. मावशीच्या एका हातात भरलेलं वाडगं होतं, दुसऱ्यात चमचा. तिने चमचा हलवला नाही.

"अहो, ते उपाशी आहे," तक्तेबाई म्हणाल्या.

"मला दिसतंय."

"ताई," धाकटी हळूच म्हणाली. मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"काय करणार होते मी?" तक्तेबाई एकदम बोलल्या. "माझी नोकरी गेली असती! मुलगी शाळेत होती, घर नुकतंच घेतलं होतं. मला वाटलं तुमची काय, दोन वर्षंच उरलीत. हो, बदलला कागद. मी बदलला. झालं?"

अंगणात कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

त्याच वेळी पिल्लू बाईंच्या काखेतून निसटलं. खुर्चीखाली म्हाताऱ्याचं सकाळचं उरलंसुरलं ताट पडलं होतं. म्हाताऱ्याने मान उचलून गुरकावल्याबरोबर पिल्लू त्यात तोंड घालून कचाकच खाऊ लागलं. ठोका नाही, शब्द नाही, काही नाही. मावशीने आठ दिवस बांधलेली गाठ त्याने एका उडीत सोडून टाकली. त्याला ठोके नकोच होते. ईर्ष्या करायला कोणीतरी हवं होतं, बस.

तक्तेबाईंनी पिल्लाकडे पाहिलं, मावशीच्या हातातल्या बिनकामाच्या चमच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण काही कबूल न करता आधीच निघून गेलो असतो तरी चाललं असतं. मग अंगणाच्या दारात उभा असलेला ड्रायव्हर त्यांना दिसला. त्याने अदबीने नमस्कार केला.

पिल्लाला उचलून त्या निघून गेल्या.

पुढचं मावशीला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्तेबाई नेहमीसारखा तक्ता खिळ्याला अडकवायला गेल्या, तर स्वयंपाकघरातल्या सातही बायका हात बांधून उभ्या होत्या. भांडेवाली म्हणाली, "बाई, आम्हाला नीट वाचता येत नाही. तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, खाली सही करा, मग शिजवू." त्यांनी वाचलं, सही केली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. रोज सकाळी सात बायकांसमोर, वॉर्ड एक ते वॉर्ड नऊ, सगळा तक्ता, सहीसकट. नवे अधीक्षक म्हणाले, पद्धत चांगली आहे, चालू ठेवा. पाच महिन्यांनी तक्तेबाईंनी दुसरीकडे नोकरी धरली. मावशीची नोकरी काही परत आली नाही आणि कोणी दिलगिरीचं पत्रही पाठवलं नाही. पण ड्रायव्हर ही हकिकत सांगायचा तेव्हा मावशी त्याला दरवेळी म्हणायची, "भांडेवालीचं पुन्हा सांगा. तिथून सांगा."

डॉक्टरीणबाईंनी मात्र महिनाभर तिच्याकडे एकही जनावर पाठवलं नाही. शेवटी मावशी स्वतः दवाखान्यात गेली आणि म्हणाली, "तुम्ही विचारलं होतंत. हो, मुद्दाम केलं. पुन्हा करणार नाही."

"कुणाबरोबर करणार नाही?"

"मुक्या जीवाबरोबर," मावशी म्हणाली. माणसांबद्दल तिने काही वचन दिलं नाही, आणि डॉक्टरीणबाईंनी मागितलंही नाही.

एके दिवशी दुपारी तक्तेबाईंचा नवरा आला. पिल्लू बरोबर होतं, पण साखळी त्याने हाताला दोन वेढे देऊन धरली होती. जावईबापूंचे पाय सरळ झाले होते, अंगावर तकाकी आली होती. शेजाऱ्यांच्या मांजरीसमोर वाडगं ठेवलं की सगळं खातो, असं त्याने सांगितलं. मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतंत ना, हे कोणाचं आहे ते?"

"हो."

"आणि तरी ठेवून घेतलंत."

"म्हणूनच ठेवून घेतलं."

त्याने मान हलवली. "हिने तुमच्याशी वाईट केलं. मला माहीत नव्हतं. त्याबद्दल मी काय बोलणार? पण याला दोन दिवस जे झालं..." त्याने साखळीचा वेढा आणखी घट्ट केला. "याला मी पुन्हा तुमच्याकडे ठेवणार नाही. एवढंच सांगायला आलो होतो. फोनवर सांगणं बरं वाटलं नाही."

"बरोबर आहे तुमचं," मावशी म्हणाली. "मीही ठेवलं नसतं."

पिल्लू तिच्या पायाशी ओढ घेत होतं. तिने वाकून त्याला हात लावला नाही. तो गेला, गल्लीच्या वळणावर पिल्लाने दोनदा मागे पाहिलं, मग त्याला कुठलासा कावळा दिसला आणि ते त्याच्यामागे लागलं.

धाकटी दारात येऊन उभी राहिली. "वाईट वाटतंय?"

"पिल्लाचं वाटतंय," मावशी म्हणाली. "फार वाटतंय."

"आणि बाकीचं?"

मावशीने खरंच विचार केला. पायरीवर बसून, गुडघ्यांवर हात ठेवून, वाटाण्यात किडका शोधावा तसा मनात शोध घेतला.

"नाही ग," ती म्हणाली. "ते पुन्हा करीन." आणि उठून आत गेली, कारण नवीन आलेला पांढरा कुत्रा सकाळपासून काही खात नव्हता.